पारव्या रंगाची मोटार

रंग डोळ्यांना दिसतो तितक्या सहजपणे तो तोंडाने सांगता येत नाही. घरची फर्माईश घेऊन कापडाच्या दुकानात एकट्याने गेलेल्या प्रत्येक गृहस्थाला याचा अनुभव असेल. ‘आंब्याच्या रंगाचा ब्लाउजपीस आणा’ एवढेच त्याला सांगितलेले असते. पण आंबा हापूस की पायरी, पाडाचा की चांगला पिकलेला, हा प्रश्न दुकानदाराने दहा कापडे पुढे टाकल्यावर उभा राहतो. मग स्वारी घरी परतते ती हमखास नको तो रंग घेऊन.

यात दोष भाषेचा म्हणावा, तर रंगांच्या नावांच्या बाबतीत मराठी मुळीच दरिद्री नाही. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी, बदामी, मोतिया, अबोली, मोरपंखी, कुसुंबी – ही सारी नावे आपल्या आज्या-पणज्यांनी स्वयंपाकघरातून, परसातून आणि रंगाऱ्याच्या पिंपातून उचलली. विलायतेतही हाच प्रकार. एडिंबरोच्या पॅट्रिक साइम नावाच्या चित्रकाराने १८१४ साली रंगांच्या नावांचे एक पुस्तक काढले आणि प्रत्येक रंगापुढे तो कोणत्या प्राण्यात, कोणत्या वनस्पतीत आणि कोणत्या खनिजात आढळतो ते नोंदवले. डार्विनसाहेब ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला निघाले, तेव्हा हे पुस्तक त्यांच्याबरोबर होते. म्हणजे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही रंग सांगायला शेवटी पक्ष्याच्या पंखाचाच आधार घ्यावा लागला.

मोटारीच्या नोंदणीपुस्तकाला अशी चैन परवडत नाही. त्यात रंगासाठी एक रकाना असतो आणि रकान्यात बहुधा एकच इंग्रजी शब्द. माझ्या मामांच्या सांगलीच्या फियाटच्या पुस्तकात तो शब्द ‘ग्रे’ असा आहे. या एका शब्दापायी गेली दोन वर्षे आमच्या मंडळींत जे काही चालले, ते आता सांगण्यासारखे झाले आहे.

मामा सांगलीत डॉक्टर होते. १९६२ साली त्यांनी ही गाडी घेतली. घेतली असे आज दोन शब्दांत म्हणता येते. त्या वेळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे वालचंद, त्यामुळे सांगलीकरांना ही गाडी थोडीशी घरचीच वाटे. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, पुढचे दरवाजे आजच्या उलट दिशेने उघडणारे, आणि गोलसर नाक-पाठीमुळे लोकांनी बहाल केलेले नाव ‘डुक्कर फियाट’. मामींना हे नाव बिलकूल खपत नसे. मामा या गाडीतून हरिपूर, बुधगाव, माधवनगरपर्यंत रोगी तपासायला जात आणि येताना डिकीतून वांगी, हरभरा, गूळ असे काही ना काही घेऊन येत, कारण फी द्यायला पैसे नसलेला शेतकरी डॉक्टरला रिकाम्या हाताने पाठवत नसे.

मामा २००८ मध्ये गेले. गाडी गावभागातल्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची धरतात; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. मामींना होडीतून बाहेर काढले. घर आणि गाडी पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर दिसले ते असे, की गाडीत खिडकीच्या काचेपर्यंत गाळ आणि खालच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटातले फोटोंचे आल्बम म्हणजे पुठ्ठ्याचा लगदा. गाडीपेक्षा मामींना आल्बमांचे दुःख अधिक झाले. नोंदणीपुस्तक तेवढे बँकेच्या लॉकरमध्ये असल्यामुळे वाचले.

माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने गाडी भंगारात द्यायचे साफ नाकारले. त्यातच जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापरासाठी मात्र ती रस्त्यावर आणायची नाही. ‘मूळ रूप’ हे दोन शब्द दादाच्या मनाने घेतले. इंजिन, पत्रा, काचेचे रबर यांचे मूळ रूप काय ते सांगणारी माणसे आणि पुस्तके मिळतात. रंगाचे मूळ रूप कोण सांगणार?

दादा म्हणाला, गाडी निळसर राखी होती. त्याची धाकटी बहीण, आमची पुण्याची ताई, म्हणाली, “छे! चक्क पिस्ता रंग होता. मी रोज शाळेत त्याच गाडीतून जात होते.” मी स्वतः लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला जात असे तेव्हाची गाडी माझ्या डोळ्यांपुढे आहे, ती मोतिया. पुरातून बाहेर निघालेली गाडीही, चिखल धुतल्यावर, मोतियाच होती. मामी सत्त्याऐंशीच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, “पारवा. डॉक्टरांनी पारवा रंग मागून घेतला होता.” आणि पुढे विचारावे तर ‘पारवा म्हणजे पारवा’ यापलीकडे त्या जाईनात.

बाहेरच्या माणसाला हा वाद हास्यास्पद वाटेल. मलाही आरंभी वाटला. पण वडील गेल्यावर आणि आल्बम वाहून गेल्यावर भावा-बहिणींजवळ त्यांचे म्हणून जे उरते, त्यात गाडीचा रंग हीसुद्धा एक मिळकत असते. ताई एकदा फोनवर म्हणाली, “दादाचं खरं असेल, तर मग मी कुठल्या गाडीत बसत होते?” तेव्हा हा प्रश्न रंगापुरता नाही हे माझ्या लक्षात आले. गाडी साताऱ्याला आणायचे ठरले ते त्यानंतर. मी साताऱ्यात मराठी शिकवतो आणि माझ्या ओळखीत एक जुने, जाणते पेंटर आहेत, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध.

साताऱ्यात स्प्रे पेंटिंगची विद्या तशी जुनी आहे. १९७५ साली येथे महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला आणि त्याची ‘प्रिया’ स्कूटर घरोघरी गेली. स्कूटर आली की तिला ओरखडे आले, आणि ओरखडे आले की रंग जुळवणारा आला. आमचे पेंटरकाका उमेदवारीच्या दिवसांत अशा स्कूटरीच जुळवीत. त्यांच्या शेडमध्ये सांगलीहून टेम्पोवर चढवून आणलेली फियाट उतरली, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीवर बादलीभर पाणी मारले. “सर, कोरड्या रंगावर मत देऊ नये. वरची भुकटी असते ती, रंग नव्हे.” उन्हाने जळलेल्या रंगाचा वरचा पापुद्रा पांढुरका होतो आणि खालचा रंग फिक्का भासवतो, पाण्याने तो क्षणभर पारदर्शक होतो आणि मूळ छटेचा अंदाज येतो. साड्यांच्या दुकानात ओले बोट लावून रंग पाहणारी एक आत्या मला आठवली.

मग त्यांनी मडगार्डावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडली आणि वॉटर पेपरने ती घासायला घेतली. आधी जाड कागद, मग त्याहून बारीक, मग अगदी मऊ. कडेला कमी, मध्ये जास्त. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वळी दिसतात तशी रंगांची वळी तेथे उघडी झाली. सर्वांत बाहेर मोतिया. त्याच्या आत करडे अस्तर. मग लांबीचा पिवळट पट्टा, म्हणजे कधी तरी येथे पोचा आला होता. मग पिस्ता! त्याच्या आत पुन्हा अस्तर, आणि मग नखाच्या कडेएवढी एक बारीक रेघ, निळसर राखी. तिच्या आत कारखान्याचा तांबडा प्रायमर आणि शेवटी पत्रा.

ताईला मी त्या नाण्याएवढ्या ठिपक्याचा फोटो पाठवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. दादा १९५९ सालचा, ताई १९७० सालची. गाडीला दुसऱ्यांदा रंग लागला तो १९७८ मध्ये, आणि तिसऱ्यांदा १९९१ मध्ये, असे मामींच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांवरून निघाले (या वह्या माळ्यावर असल्यामुळे कोरड्या राहिल्या होत्या). दादाचे बालपण तिसऱ्या वळ्यातले, ताईचे दुसऱ्या, माझ्या सुट्ट्या पहिल्या. कोणीच खोटे बोलत नव्हते. आठवणीतले रंग प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद होऊन बसतात, असे प्रयोगांत पुष्कळदा आढळले आहे. येथे मात्र आठवणींनी फारशी लबाडी केलेली नव्हती.

पेंटरकाकांनी पुढे एक साधी परीक्षा केली. थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके एकेका थरावर दाबून धरले. वरचे दोन्ही थर फडक्याला लागले; तळचा लागला नाही. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग कितीही जुना झाला तरी थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. भट्टीत भाजलेला सिंथेटिक एनॅमल विरघळत नाही. तळचा थर भाजलेला होता. भट्टी गल्लीतल्या गॅरेजात नसते, कारखान्यातच असते. म्हणून हाच पहिला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण मला स्वतःला ही हकीकत फार मनोरंजक वाटली. मोटारीला पूर्वी बग्गीसारखेच तेलरंग आणि वार्निश लावीत आणि ते वाळायला आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांनी १९१४ ते १९२५ या काळात आपली प्रसिद्ध टी मोटार फक्त काळ्या रंगात काढली. माणूस एकरंगी नव्हता; वेगाने चालणाऱ्या कारखान्याला झटपट वाळणारा आणि टिकाऊ असा काळा जपान-वार्निशच तेवढा सोयीचा होता. मग अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारी निळ्या होऊन बाहेर पडल्या. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्या गॅरेजांत अजूनही म्हातारे पेंटर कोणत्याही फवारणीच्या रंगाला ‘ड्यूको’च म्हणतात, वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे. या रंगांची भानगड एवढीच, की बंदुकीतून सुटल्यावर ते झटपट वाळतात, आठ-दहा हात द्यावे लागतात आणि चमक घासून काढावी लागते. ती चमक मात्र मऊ असते, रेशमासारखी.

असो. थर सापडला म्हणजे रंग सापडला, असे मला वाटले. पेंटरकाकांना वाटले नाही. मडगार्डावरची ती रेघ उन्हात सोळा वर्षे भाजून मग झाकली गेली होती. ऊन न लागलेला रंग हवा होता. अशा जागा गाडीत पुष्कळ असतात : मागच्या दिव्यांच्या रबराखाली, पुढच्या काचेच्या बीडिंगच्या खोबणीत, नंबरपाटीच्या मागे, डॅशबोर्डातल्या खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. रबर काढले, पाटी काढली. रबराखाली गंज फार होता. खणाचे झाकण मात्र उत्तम निघाले. वरच्या दोन्ही वेळी गॅरेजवाल्यांनी ते आतून रंगवण्याचा कंटाळा केला होता. या कंटाळ्याचे आमच्यावर मोठे उपकार आहेत.

झाकण उघडले आणि दादाचा चेहरा उतरला. आतला रंग राखी होता खरा, पण त्यात हिरवटपणा स्पष्ट होता. पिस्ता नव्हे, पण पिस्त्याच्या गावाला जाणारा. व्हिडिओवर ताई टाळ्या वाजवीत होती.

पेंटरकाका म्हणाले, “हे उन्हात ठेवा. आठ-पंधरा दिवस. मग बोलू.”

ऊन रंग उडवते हे आपल्याला ठाऊक असते. अंधारही रंगाला बिघडवतो, हे मला ठाऊक नव्हते. तेलापासून केलेले रंग – जुने सिंथेटिक त्यातलेच – उजेड न मिळाल्यास हळूहळू पिवळे पडतात. भिंतीवरची तसबीर काढली की तिच्यामागचा ऑइलपेंट कधी कधी पिवळट दिसतो तो यामुळे. आता निळसर राखी रंगावर पिवळी झाक चढली तर काय होईल? निळे आणि पिवळे मिळून हिरवे, हे चौथीतला मुलगाही सांगेल. सुदैवाने हा पिवळेपणा उन्हात बराचसा उतरतो. सांगली हे हळदीचे गाव. तिथल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण कपडा उन्हात टाकला की पळतो. दोन्हींतले रसायन निराळे असेल, पण धडा तोच.

मी झाकणाच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि मार्च महिन्यात ते आमच्या गच्चीवर ठेवले. समोर अजिंक्यतारा, खाली माझे झाकण. शेजाऱ्यांनी दोन-तीनदा विचारले, मी पापड वाळत घातले आहेत का म्हणून. तीन आठवड्यांनी कागद सोलला. कागदाखालचा भाग हिरवटच होता. उघडा भाग निवळला होता. त्यात पाणी भरून आलेल्या ढगाची निळाई दिसू लागली होती. दोन्हींमधली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ.

मग १९७८ साली पिस्ता कुठून आला? माझा तर्क असा : त्या वेळच्या गॅरेजवाल्यानेही नमुना म्हणून हाच बंद खण उघडला असावा. सोळा वर्षे अंधारात राहून तो तेव्हाच हिरवट झाला असणार, आणि त्याने त्याच्याबरहुकूम रंग कालवला. पुढे थोडा हात सैल सुटला. याला पुरावा नाही. पण ताईला हा तर्क फार आवडला. तिचा पिस्ता आकाशातून पडलेला नव्हता. तो मूळ रंगाचाच, अंधारात वाढलेला, धाकटा भाऊ होता.

आणखी एक साक्षीदार अचानक मिळाला. माझ्या आईच्या १९७५ सालच्या लग्नातला एक रंगीत फोटो साताऱ्याला आमच्या घरी असल्यामुळे पुरातून सुटला होता. वरातीमागे मामांची फियाट उभी आहे. पण फोटोत ती चक्क बिस्किटाच्या रंगाची! त्या काळच्या रंगीत फोटोंत तीन रंगद्रव्यांचे थर असत आणि त्यांतला निळा-हिरवा थर बहुधा आधी उडे; म्हणून तुमच्या-आमच्या आल्बमांतली सत्तरीतली लग्ने सगळी लालसर झालेली आहेत. तो किती उडाला हे कसे कळावे? आई आत गेली आणि ट्रंकेतून शालू घेऊन आली. फोटोतला शालू मातकट तपकिरी; तिच्या हातातला गर्द हिरवा. पेंटरकाकांच्या पुतण्याने फोटो संगणकावर घेऊन शालू शालूसारखा दिसेपर्यंत निळा-हिरवा वाढवला. हिरवा परतला तसे मागच्या बिस्किटाचेही राखी झाले. न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. आमच्या घरात टिकला.

इतके झाल्यावर यंत्राकडे जायचे ठरले. कोल्हापुरात एका रंगविक्रेत्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. हे मुठीत मावणारे यंत्र पृष्ठभागावर टेकवले की प्रकाशाच्या प्रत्येक लहरीचा किती भाग परत येतो ते मोजते आणि त्यावरून कोणते रंग किती ग्रॅम कालवावे याची यादी छापून देते. यंत्र हुशार आहे यात शंका नाही. पण त्याला पॉलिश केलेली, सपाट, स्वच्छ जागा लागते. आणि त्याच्या यादीत आजचे रंगद्रव्य असते, १९६२ सालचे नव्हे. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचे क्रोमेट सर्रास असे. ते विषारी म्हणून आता मागे पडले. तेव्हा यंत्र देते ते जवळचे उत्तर, तेच उत्तर नव्हे.

जवळच्या उत्तराची गंमत आम्ही लगेच पाहिली. यादीप्रमाणे कालवलेला नमुना शेडमधल्या ट्यूबखाली झाकणाशी तंतोतंत जुळला. दारात आणला, तर नमुना जांभळट आणि झाकण राखी! दोन निराळ्या द्रव्यांनी केलेले रंग एका उजेडात एकरूप दिसतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळख देत नाहीत. शास्त्रज्ञांनी याला मोठे नाव दिले आहे, पण साडी घेताना ती दुकानाच्या पायरीपर्यंत नेऊन उन्हात धरणारी प्रत्येक बाई हे शास्त्र जाणते. दुकानदार मनातून चरफडतो, पण तिचेच बरोबर असते.

येथून पुढचे काम पेंटरकाकांच्या हाताचे. पांढऱ्यात काळा घातला की राखी होते, पण निळ्याकडे झुकते. म्हणून चिमूटभर गेरूपिवळा. तो जास्त झाला की ताईचा पिस्ता डोकावतो; म्हणून थेंबभर निळा. काडीने थेंब मोजायचे, ढवळायचे, पुठ्ठ्यावर फवारायचे आणि वाळेपर्यंत गप्प बसायचे, कारण ओला रंग वाळल्यावर किंचित गडद होतो. मग सकाळी दहाच्या सुमारास, उन्हात नव्हे तर शेडच्या उत्तरेच्या सावलीत, झाकणाशेजारी पुठ्ठा धरायचा. फार वेळ पाहायचे नाही. डोळा थकतो आणि दोन्ही रंग सारखेच वाटू लागतात. मध्येच मातीकडे पाहायचे. असे अकरा पुठ्ठे झाले. नवव्या पुठ्ठ्याशी दादा म्हणाला, “हाच!” काका म्हणाले, “अजून नाही.” मला आठव्यापासून सगळे एकच दिसत होते.

अकरावा पुठ्ठा आणि झाकण घेऊन आम्ही सांगलीला गेलो. मामींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, डाव्याचे व्हायचे होते. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, खिडकीशी नेला आणि म्हणाल्या, “हा नव्हे.” दादाचा चेहरा पुन्हा उतरला. मग त्यांनी, कशासाठी कोण जाणे, पदराने डावा डोळा झाकला. “अगंबाई, हाच की.” मग उजवा झाकला. “नाही रे, हा मळका आहे.” असे त्यांनी चार-पाच वेळा केले आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. मोतीबिंदू पिकतो तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते. माणूस वर्षानुवर्षे हळदीच्या काचेतून जग पाहत असतो आणि त्याला पत्ता नसतो. ऑपरेशनने काच बदलली की निळा रंग परत येतो. मामींजवळ दोन्ही काचा एकाच वेळी होत्या.

“पारवा कशाला म्हणायचा मग?” मी विचारले.

“पारव्याला,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या कौलांकडे बोट दाखवले. तेथे दहा-बारा बसले होते. मराठीचा अध्यापक असून मी तोवर ते नीट पाहिले नव्हते. पाठ निळसर राखी. मान हलली की तिच्यावर हिरवी झाक, आणि ती वळली की जांभळी. दादाचा रंग, ताईचा रंग आणि कोल्हापूरच्या यंत्राचा रंग एकाच पाखराच्या अंगावर फिरत होते. पारव्याने ते सगळे एका शब्दात बसवले होते.

तरी ताईची अडचण उरलीच. रंग कोणता ते तिने मान्य केले. तोच लावावा हे मान्य केले नाही. “मूळ म्हणजे पहिलंच का? बाबांनी पिस्ता रंगाची गाडी तेरा वर्षं चालवली. तीही त्यांचीच गाडी.” मला तिचे म्हणणे चूक वाटत नाही. जुन्या मोटारींची ‘फिवा’ नावाची जागतिक संघटना आहे. तिने २०१२ साली मान्य केलेल्या ट्युरिन सनदेतही वाहनाच्या आयुष्यातल्या पुढच्या खुणा पुसून टाकू नयेत, असाच सूर आहे. सगळे खरवडून नवेकोरे करणाऱ्यांचा मलाही राग येतो. मोटार म्हणजे काही लग्नाचे भांडे नव्हे, की कल्हई केली आणि झाले. पण पुरात पत्राच इतका सडला होता, की खालचे निम्मे अंग खरवडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि अर्धी पारवी, अर्धी मोतिया गाडी कोणालाच नको होती.

शेवटी काय झाले ते सांगतो. बाहेरून गाडी पारवी झाली. एनसी रंग लावावा, असा माझा आग्रह होता. दादाला दरवर्षी घासत बसायचे नव्हते, म्हणून पीयू रंग आला. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना फार वाईट. पेंटरकाकांचे दोन जुने सोबती दम्याने गेले. ते स्वतः हल्ली तोंडाला चांगला मास्क लावल्याशिवाय स्प्रे गन हातात घेत नाहीत आणि पुतण्याला तर शेडमध्ये उभा करीत नाहीत. वरून पारदर्शक वार्निशाचा हात द्यायला मात्र त्यांनीच नकार दिला. आजच्या गाड्यांसारखी काचेची चमक या गोल अंगावर शोभत नाही, असे त्यांचे मत, आणि ते मला पूर्ण पटते.

डिकीच्या झाकणाच्या आत, जिथे पाणी पोचले नव्हते, तेथे वीतभर पट्टी त्यांनी तशीच ठेवली आहे. तिच्यावर मोतिया, पिस्ता आणि पारवा हे तिन्ही थर पायरीपायरीने उघडे आहेत. ताई गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, काही बोलली नाही, आणि डिकी उघडून त्या पट्टीशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “पिस्त्याची पायरी जरा रुंद करता आली असती.” पेंटरकाकांना मी हे कळवले आहे. ते करून देणार आहेत.

कालवण्याचे थेंब लिहिलेला पुठ्ठा दोन प्रतींत केला. एक साताऱ्याला माझ्या कपाटात आहे. दुसरा, उरलेल्या अर्धा लिटर रंगाच्या डब्यासह, सांगलीच्या घरी माळ्यावर ठेवला आहे. तो ठेवताना दादाने २०१९ ची पाण्याची खूण पाहिली आणि डबा तिच्यावर तीन फूट येईल अशा फळीवर चढवला.